अर्ध्या तासाचा धूर

"सातवं घर हेच का?"

मुक्ताई थांबली. दुपारचे अडीच वाजले होते आणि ती नुकतीच ड्यूटीवरून परतत होती. भाद्रपदातली सर पडून गेली होती, पत्र्यांवरून अजून थेंब ठिबकत होते. गल्लीच्या मधोमध एक तरुण उभा होता – एक चप्पल पायात, दुसरी चिखलात रुतलेली. तान्हं मूल धरावं तसा त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टॅब छातीशी धरला होता.

"कुठून मोजता त्यावर आहे," ती म्हणाली. "नळाकडून मोजलंत तर सातवं. संडासाकडून मोजलंत तर एकोणिसावं."

त्याने पिशवीतल्या पिशवीत टॅब तिरका करून पाहिला. "नळाकडून."

"मग आमचंच. काय काढलंय? रेशन, का मतदान?"

"सर्व्हे आहे. स्वयंपाकाच्या धुराचा."

"मग पत्ता विचारायची गरजच नव्हती," मुक्ताई म्हणाली. "नाक कुठं गेलं होतं?"

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हलायचा, उजवा मागाहून... हे तिच्या उगीचच लक्षात राहिलं.

खराडीच्या काचेच्या इमारतींमागे जिथे पूर्वी सोनबांची ज्वारी उभी राहायची, तिथे आता त्यांनीच बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांची वस्ती होती. परभणी, हिंगोली, लातूरकडून आलेली माणसं तिथे राहत. दिवसा ती त्या काचेच्या इमारती पुसत, नाहीतर शेजारी नव्या उभारत. मुक्ताई बावीस वर्षांची. बारावीनंतर शिक्षण सुटलं आणि एका आयटी पार्कात साफसफाईचं काम लागलं. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. घरात ती आणि तिची आई, नंदा. गॅसचा सिलिंडर होता, पण पहिला संपला तो संपलाच. त्यावर कापड टाकून आईने देव मांडले होते. स्वयंपाक चुलीवर, आणि चुलीत बांधकामावरून वेचून आणलेले प्लायवूडचे तुकडे – रंग लागलेले, डिंक लागलेले. ते पेटले की खोलीत असा काही उग्र वास भरायचा की डोळ्यांतून पाणी यायचं.

"घरात किती माणसं?" दाराशी बसून त्याने सुरुवात केली.

"दोन. आणि एक उंदीर. पण तो भाडं देत नाही."

"चूल दिवसातून किती तास पेटते? ... गेल्या सात दिवसांत घरातलं कुणी पोटभर न जेवता झोपलं, असं झालं का?"

नंदाने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मुक्ताईचा आवाज जरा खाली आला. "हा प्रश्न सगळ्यांना विचारता?"

"हो."

"समोरच्या टॉवरमध्येपण?"

त्याने टॅबवर काहीतरी खूण केली आणि हळूच म्हणाला, "नाही. तिथे नाही विचारत."

तो खरं बोलला म्हणून ती मवाळ झाली. "नाव काय तुमचं?"

"उत्तरेश्वर. केजकडचा आहे."

"नाव उत्तरेश्वर, आणि विचारता नुसते प्रश्नच!"

नंदासुद्धा हसली, आणि हसता हसता खोकत सुटली. बराच वेळ. उत्तरेश्वरने पिशवीतून एक प्लास्टिकची नळी काढली. "मावशी, यात जोरात फुंका. छातीत जोर किती आहे ते कळतं." काटा सरकला आणि थांबला. एकशे नव्वद. त्याने आकडा लिहून घेतला, चांगला की वाईट ते सांगितलं नाही.

जाताना त्याने चुलीवरच्या खिळ्याला जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र टांगलं. ते धूर मोजणार होतं, दर मिनिटाला, अठरा महिने. दर पंधरा दिवसांनी येऊन तो त्यातली माहिती उतरवून घेणार होता.

पंधरा दिवसांनी वस्तीच्या मोकळ्या जागेत चिठ्ठ्या काढल्या. सर्व्हेत आलेल्या तीनशे वीस घरांपैकी निम्म्यांना विजेची शेगडी मिळणार होती, वेगळी लाईन जोडून, बिल सर्व्हे करणाऱ्या संस्थेचं. उरलेल्या निम्म्यांना अठरा महिन्यांनी. धूर गेल्याने माणसाच्या तब्येतीत आणि कमाईत किती फरक पडतो, ते दोन्हीकडची घरं ताडून पाहायचं होतं. शेजारच्या ललिताकाकूंची चिठ्ठी निघाली. नंदाची नाही निघाली.

उत्तरेश्वर कोपऱ्यात उभा राहून नावं लिहीत होता. सगळ्या नावांवरून पेन सरळ गेला; नंदाच्या नावाशी मात्र थांबला. मुक्ताईने ते पाहिलं. त्या दिवशी आपलं नक्की काय हरवलं आणि काय सापडलं, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं नाही...

मग तो तिच्या सुट्टीचा रविवार पाहून यायला लागला.

"चहा?" ती विचारायची.

"नियमात बसत नाही. घरातलं काही घ्यायचं नाही."

"पाणी?"

"तेही नाही."

"मग इतका वेळ आमची हवा घेताय ती? ती परत करून जा."

तो हसायचा, चुलीचा धूर घशात जाऊन ठसकायचा, आणि नंदा आतून ओरडायची, "अगं, पोराला दम घेऊ दे!" चौथ्या खेपेला त्याने चहा घेतला. कपाला दोन्ही हातांनी धरून, चोरी करत असल्यासारखा. त्याच्या बोटाला शाई होती. कप परत देताना ती बोटं तिच्या बोटांना लागली – आणि दोघंही एकदमच ललिताकाकूंच्या दाराकडे पाहायला लागले.

ललिताकाकूंचा खोकला उतरला होता. त्यांची फुंक दोनशे चाळीसवर गेली होती. नंदाची एकशे सत्तर... मग एकशे पंचावन्न. सरकारी दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "बाई, धूर बंद करा." हे औषध कुठल्या खिडकीवर मिळतं, ते काही त्यांनी लिहून दिलं नाही.

एका रविवारी उत्तरेश्वरबरोबर त्याचे साहेब आले, शौनक सर. इस्त्रीचा शर्ट, तुटक बोलणं. मुक्ताईने धीर करून विचारलं, "सर, आईला शेगडी आधी देता नाही का येणार?"

शौनक सरांनी चष्मा पुसला. "जरूर. चिठ्ठी न निघालेली एकशे साठ घरं आहेत. ज्या घरात कुणी खोकत नाही त्या घराचं दार दाखवा, म्हणजे बाकीच्यांना काय सांगायचं ते मला कळेल." मग, बोलून गेल्यावर लाजल्यासारखे, ते नंदाकडे वळले. "हे सिद्ध झालं ना मावशी, तर लाखो घरांना मिळेल. थोडं थांबा."

"थांबते की," नंदा म्हणाली. "मला कुठं जायचंय."

दिवाळीनंतरच्या रविवारी उत्तरेश्वर म्हणाला, बुधवार पेठेतून चार्जर आणायचा आहे... येणार का? चार्जर काय, खराडीतही मिळतो. पण मुक्ताईने निळा ड्रेस इस्त्री केला.

दगडूशेठसमोर रस्त्यातूनच हात जोडून ती उभी राहिली. डोळे उघडले तेव्हा तो गणपतीकडे नाही, तिच्याकडे पाहत होता.

"काय मागितलंस?"

"आधी हे सांगा, 'तुम्ही' कुठं सांडलं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "लक्ष्मी रोडला... गर्दी होती."

"मग राहू दे. आता कुठं शोधत बसता."

पुढे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या बोळात तो एका दुकानापाशी थांबला आणि आतून खोकं घेऊन आला. विजेची शेगडी. वापरलेली, पण चालू.

"कुणाला?"

"मावशींना."

मुक्ताईचे पाय जागीच थबकले. संस्थेतल्या कुणी चिठ्ठी न निघालेल्या घराला काही दिलं तर त्याची नोकरी जाते, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. "आणि तो खिळ्यावरचा डबा? धूर दिसला नाही की ऑफिसात लगेच कळेल ना!"

"मी बघतो. यंत्र बिघडलं म्हणेन." त्याने खोकं या काखेतून त्या काखेत घेतलं. त्याची नजर खोक्यावरच होती. "मुक्ता... मार्चमध्ये मला सुपरवायझर करणार आहेत. मग आई-दादांना घेऊन येतो. रीतसर. म्हणजे... तुझी हरकत नसेल तर."

"मागणी घालायला येताना माणसं साडी आणतात," ती म्हणाली. "शेगडी कोण आणतं?" पण त्या गर्दीत तिने खोक्याची दुसरी बाजू धरली.

त्या रात्रीच्या भाकरीला धुराचा वास नव्हता. नंदा शेगडीपुढे मांडी घालून बसली आणि काचेवरचा लाल आकडा पाहत राहिली. घरमालक सोनबा चौकशीला येऊन गेले. "शेगडी हाय का हीटर? हीटर आसंल तर चालायचं न्हाई, वायर जळती." शेगडी आहे म्हटल्यावर ते गेले.

लग्नासाठी चार भांडी जमवायची म्हणून मुक्ताईने दुपारनंतर दोन फ्लॅटमध्ये पोळ्यांचं काम धरलं. घरी यायला सहा वाजत. आई दिवसभर एकटी. पण आता धूर नाही, म्हणून तिला घोर नव्हता. तिचे ते दिवस हलके गेले. पोळ्या लाटताना ती गुणगुणायची. फ्लॅटमधल्या बाईंनी विचारलं, "काय गं, कुणी भेटलं वाटतं?" तर पोळी करपली.

तरीही डिसेंबरच्या पहिल्या रविवारी नंदाची फुंक एकशे चाळीस आली. उत्तरेश्वरने पुन्हा फुंकायला लावलं. एकशे चाळीसच. त्याने डब्याला टॅब जोडला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, आणि वायर गुंडाळली.

त्याच आठवड्यात दोन्ही फ्लॅटची माणसं लग्नाला गेली, म्हणून मुक्ताई साडेतीनलाच घरी आली. दार लोटलं तर आत धूर. काळा, उग्र, डोळ्यांत जाणारा. चूल पेटलेली होती. तिच्यावर ना तवा, ना पातेलं. शेजारी शेगडी थंड, स्वच्छ पुसून ठेवलेली. आणि आई पदर नाकाला धरून, खिळ्यावरच्या डब्याखाली बसून एक-एक तुकडा आत सारत होती.

"आई! काय करतेस?"

नंदाला बोलायला दम पुरेना. हातानेच तिने खूण केली – थांब. मग म्हणाली, "रोज अर्धा तास... फक्त अर्धाच. त्या डब्याला धूर लागतो ना गं."

"तो म्हणाला ना, मी बघतो!"

"तो काय बघणार? पोरगा आहे तो. यंत्र एकदा बिघडेल, दोनदा बिघडेल. तिसऱ्यांदा ते चष्मेवाले येतील." ती थांबली, खोकली. "त्याची नोकरी गेली तर त्याची माणसं कशाला येतील आपल्या दारी? मार्चपर्यंतच आहे. मार्च काय, हा आला."

"मग पेटवून बाहेर तरी बस!"

"पत्र्याच्या खोलीत जाळ सोडून? चाळीस घरं जाळू का?"

मुक्ताईने तांब्याभर पाणी चुलीवर ओतलं. राख उसळून दोघींच्या तोंडावर आली. "आजपासून बंद," ती म्हणाली. "मी सांगणार त्याला."

"सांग," नंदा म्हणाली. "तो त्याच दिवशी साहेबाला सांगेल. तसलाच आहे तो. मग तू पोळ्याच लाटत बस जन्मभर." आणि मग अगदी मऊ आवाजात, "माझं काय राहिलंय, मुक्ता? तीस वर्षं धूरच खाल्लाय. अर्ध्या तासानं काय होतंय?"

मुक्ताईने त्याला सांगितलं नाही.

उद्या सांगू, असं ती रोज म्हणाली. तो रविवारी आला, तिच्याशी हसला, तिने आणलेले पेरू खाल्ले. तिने सांगितलं नाही. फुंक एकशे पंचवीस. त्यापुढच्या खेपेला एकशे दहा. तेव्हाही नाही. सहा वाजता ती घरी यायची तेव्हा चूल गार असायची आणि खोलीत वास असायचा, आणि दोघी मायलेकी त्या वासाबद्दल एक अक्षर बोलत नसत. मार्च यायला जेमतेम दोन महिने होते.

जानेवारीच्या थंडीत एका सकाळी नंदाची नखं निळी पडली. ललिताकाकूंनी रिक्षा आणली. दवाखान्यात पाच दिवस तिच्या तोंडाला ऑक्सिजन होता. बोलता येत नव्हतं, नुसते डोळे हलत. संक्रांतीच्या दिवशी तेही थांबले.

दहावा झाल्यावर उत्तरेश्वर आला. आधीही तो रोज येत होता. लाकडांच्या पावतीपासून भटजीपर्यंत सगळं त्यानेच केलं होतं. पण आज त्याच्या खांद्याला ऑफिसची पिशवी होती. त्याला डबा उतरवून न्यायचा होता. खिळ्याकडे हात नेऊन तो तसाच उभा राहिला.

"मला तुला एक सांगायचंय," मुक्ताई म्हणाली.

आणि तिने सगळं सांगितलं. रोजचा अर्धा तास. रिकामी चूल. आपण गप्प राहिलो ते दोन रविवार. सांगताना ती रडली नाही. "तुझी नोकरी राहावी म्हणून मी आईला धुरात बसू दिलं," ती म्हणाली. "आता तुला काय म्हणायचं ते म्हण."

खिळ्यावरचा त्याचा हात हळूहळू खाली आला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

गल्लीत कुणीतरी नळाखाली हंडा लावला होता. त्यात पाणी पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

"डब्यात दिसतं, मुक्ता. मिनिटामिनिटाचं. साडेतीन ते चार, रोज. स्वयंपाकाचा धूर तसा नसतो... तो वर-खाली होतो. हा एकसारखा होता. मी पहिल्याच रविवारी ओळखलं." त्याने ओठ चावला. "आणि मला हायसं वाटलं. खोटं लिहायची वेळ आली नाही म्हणून. मावशींनी माझं काम सोपं केलं म्हणून... हायसं वाटलं मला."

मुक्ताईने दार उघडलं. "जा," ती म्हणाली. तो डबा घेऊन गेला.

फेब्रुवारी तिने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. सकाळी काचा पुसायच्या, दुपारी पोळ्या लाटायच्या, घरी येऊन दार लावायचं. तो आला नाही, फोनही केला नाही. मार्चमध्ये शौनक सर वस्तीत आले. बरोबर टेम्पो होता आणि टेम्पोत शेगड्यांची खोकी. ते तिच्या दाराशी येऊन उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"उत्तरेश्वर आता आमच्याकडे नाहीत," ते म्हणाले. "जानेवारीतच सगळं लेखी देऊन गेले. तुमचं घर अभ्यासातून वगळलंय."

"अजून काही?"

त्यांनी नेहमीसारखं काहीतरी तुटक बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग म्हणाले, "त्यांच्या त्या कागदामुळे वर बरंच भांडण झालं. मीही भांडलो, जरा उशिरा. ज्यांची फुंक दीडशेच्या खाली आहे त्यांना आता थांबवायचं नाही, असं ठरलं. अकरा घरं आहेत." ते चष्मा पुसत राहिले. "बारा असती."

त्या रात्री वस्तीतल्या आणखी अकरा घरांत धूर निघाला नाही. मुक्ताई उंबऱ्यात बसून ती घरं पाहत होती, आणि पहिल्यांदा पोटभर रडली.

दुसऱ्या रविवारी ती दोन बस बदलून धायरीला गेली. तो एका सिमेंटच्या गोदामात लागला होता, हे ललिताकाकूंनी कुठूनतरी काढून आणलं होतं. गोदामाच्या मागच्या नळावर तो हात धूत होता. भुवया, पापण्या, सगळं राखाडी. तिला पाहून त्याने नळ बंद केला नाही. पाणी वाहतच राहिलं.

"शिव्या द्यायला आलीस?"

"त्या घरीच देऊन झाल्या. तुला, मला, आईला... सगळ्यांना." तिने पुढे होऊन नळ बंद केला. "ललिताकाकूंनी त्यांच्या भाच्याचं स्थळ आणलंय. कंपनीत आहे. स्वभावानं चांगला आहे म्हणे."

"मग... कर ना."

"करणारच होते. मग वाटलं, तो कधीतरी विचारेल, तुझी आई कशानं गेली? मी म्हणेन, दम्यानं. तो बिचारा हळहळेल. आणि मी जन्मभर त्याच्याशी खोटं बोलत राहीन."

उत्तरेश्वरने मान खाली घातली. "माझ्याकडे बघितलंस की रोज तेच दिसेल तुला."

"दिसेल. तुलापण दिसेल, माझ्याकडे बघून."

"मग कसं जगायचं गं?"

"ते मला ठाऊक नाही. पण हे एकटीनं नाही बघवत. तुला बघवतं?"

त्याने नुसती मान हलवली – नाही. त्याच्या गालांवरच्या सिमेंटमधून पाण्याचे दोन ओघळ खाली आले. तिने पदर पुढे केला नाही, जवळही गेली नाही. फक्त त्याच्या शेजारी, त्या ओल्या कट्ट्यावर बसली. समोरच्या रस्त्यावरून सिंहगडाहून परतणाऱ्यांच्या गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या.

"माझी माणसं येणार नाहीत," तो शेवटी म्हणाला. "नोकरी गेल्याचं कळल्यापासून दादा बोलत नाहीत."

"माझ्याकडून तरी कोण आहे? काकू येतील साक्षीला." तिने नाक ओढलं. "रजिस्टर लग्नाला महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते. मी चौकशी केलीय."

"कधी द्यायची?"

"उद्या," मुक्ताई म्हणाली. "सुट्टी टाकलीय मी."